आणून राहिलो

आमदारसाहेब पुन्हा निवडणुकीला उभे होते. घरात मीच पहिली कॉलेजात गेलेली, म्हणून कापसाचा भाव, रस्ता, पाणी यांवरच्या त्यांच्या भूमिका प्रचारपत्रकासाठी शुद्ध मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या खारपाणपट्ट्याबद्दल ते म्हणाले होते, “गोड पाणी आणून राहिलो.” मी लिहिलं, ‘गोड पाणी आणले.’

घरी आईला वाचून दाखवलं. तिनं विहिरीच्या खारट पाण्याचा गिलास पुढे केला. “आणलं म्हन्तं, तर हे पिऊन दाखव बाई!”

पत्रक छपाईला जायच्या आत मी प्रचार कार्यालय गाठलं. चूक सांगितली: साहेब ‘आणत आहोत’ म्हणाले होते, मी ‘आणले’ लिहिलं. कार्यकर्ता हसला, “राहू दे ना ताई, चांगलं वाटून राहिलं.”

मी पेन मागून ‘आणले’ खोडलं. त्या जागी ‘आणत आहोत’ लिहायलाही हात धजेना.