तीळ लावलेली बिस्किटं

आमची जादा किल्ली समोरच्या रिबेकाताईंकडे असते. ती मागायला गेलो, तर त्या ओट्यापाशी पुरिम या त्यांच्या ज्यू सणाची बिस्किटं करत होत्या. पिठाच्या चकतीवर खजुराची गोळी ठेवायची आणि कडा चिमटून त्रिकोण करायचा. पहिल्या ट्रेमधल्या प्रत्येक बिस्किटावर मात्र त्यांनी तीळ दाबले होते.

"हे तीळ शोभेला का हो?" मी विचारलं.

"अहो, ती खूण! तीळवाली तुमची. त्यात अंडं नाही. भांडी नीट घासून आधी तुमची करते, मग आमची."

बारा वर्षं दर पुरिमला आमच्या घरी येणाऱ्या बशीतल्या बिस्किटांवर तीळ होतेच. आणि बारा वर्षं, 'यात अंडं असणार' असं कुजबुजत आम्ही ती बशी परस्पर कामवाल्या बाईंना देत आलो. वर मी, घरातला बोलका माणूस, जिन्यात भेटलो की त्यांना सांगायचो, "यंदा काय खुसखुशीत झाली होती!" विचारायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्याकडे वाक्यांची टंचाई कधीच नव्हती. ती सगळी खोट्या कौतुकात गेली.

ट्रे ओव्हनमधून निघाला. ताईंनी एक बिस्कीट कागदावर ठेवून माझ्या हातात दिलं.

"गरम कधी खाल्ली नसतील तुम्ही."

"नाही," मी म्हणालो. या बिस्किटांबद्दल त्यांच्याशी मी खरं बोललो ते एवढंच.

मग घास घेतला. ते खुसखुशीत मुळीच नव्हतं. चांगलं मऊ होतं, केकसारखं; गार झाल्यावरही मऊच राहणारं, दरवर्षी असणार तसंच. रिबेकाताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या दुसऱ्या ट्रेला लागल्या होत्या.