आक्काचं नाव चढवायला पौडला

कोथरूडहून पौडच्या रस्त्याला लागणारे लोक दोन प्रकारचे. रविवारचे लोक डोंगर आणि पाणी बघायला जातात, सोमवारचे सातबारा बघायला. मी सोमवारी निघालो. घरी सांगितलं, जुन्या मित्राकडे चाललोय. पन्नाशी उलटलेल्या माणसानं तहसील कचेरीत जाण्यासाठी बायकोशी खोटं बोलावं, यावरून कामाचा अंदाज यावा.

चांदणी चौक सोडला आणि भूगावपासून डोंगर सुरू झाले, म्हणजे डोंगरांवरच्या पाट्या सुरू झाल्या. ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी पाटी जिथे दिसते, तिथे निसर्ग नुकताच जेसीबीनं बाजूला केलेला असतो, हे प्रवाशांनी लक्षात ठेवावं. पिरंगुटला उतरून मिसळ खाल्ली. समोर बसलेल्या पागोटेवाल्या गृहस्थांनी माझ्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी पाहिली आणि विचारलं, “पौडाला? मोजनी का वारस?” वारस, म्हटलं. त्यांनी हळहळून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तर्री आणखी मागवायला सांगितली. पुढे ताकद लागेल म्हणाले.

काम असं होतं. आमची घोटावड्याला थोडी जमीन आहे. वडील गेले तेव्हा मी लेखी दिलं की मयताला माझ्याखेरीज दुसरा वारस नाही. त्या दिवशी माझी थोरली बहीण आक्का आमच्याच ओसरीवर बसून दहाव्याचे तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोरून चपला घालून गेलो आणि ती या जगात नसल्याची सही करून जेवायच्या वेळेला परत आलो. वाढलंही तिनंच.

माझ्याकडे कारणं होती. आक्का माणला दिलेली, तिथे कंपन्या आल्या, तिच्या सासरी भाड्याच्या खोल्या उठल्या, तिला काय कमी? असली कारणं फार टिकाऊ असतात, वर्षानुवर्षं पुरतात. पण दर हिवाळ्यात हरभरा भरला की आक्का शेतावर यायची आणि एक डहाळा उपटण्याआधी मला विचारायची, “घेऊ का रे?” मी मोठ्या मनानं म्हणायचो, “घे की.” त्या ‘घे की’नं माझी झोप उडवली, यंदा जरा जास्तच. म्हणून ठरवलं, गुपचूप पौडला जायचं, तिचं नाव चढवायचं. चूकही मिटेल आणि तोंडही उघडावं लागणार नाही.

पौड हे गाव कचेरीभोवती वसलेलं आहे. झेरॉक्स, टायपिंग, कोर्ट फीची तिकिटं, पुन्हा झेरॉक्स आणि मध्ये चहा. टायपिंगवाल्या बाईंना सांगितलं, बहिणीच्या नावाचा अर्ज हवा. त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ न देता संगणकावर मजकूर उघडलासुद्धा. हक्कसोड (बहिणीनं आपला वाटा भावाला सोडून देणं) तयार होतं, फक्त तिचं नाव आणि गाव भरायचं.

मी म्हटलं, “कमी नाही करायचं. चढवायचंय.”

“भैनीचं?” बाईंनी चष्मा कपाळावर घेतला. “त्याचा नमुना न्हाई आमच्याकडं. कुनी मागतच न्हाई.”

शेजारच्या बाकावरच्या दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर बाजारात खिसा उलटा करून दाखवला होता. एकानं माझ्या तब्येतीची चौकशी केली.

अभिलेख कक्षात (जुने कागद ठेवायची खोली) आधी सर्व्हर बंद होता, मग साहेब जेवायला गेले, मग साहेब आले आणि वीज गेली. अखेर त्या वारसनोंदीची नक्कल हाती आली. खाली माझी सही होती. इतकी वळणदार सही मी माझ्या लग्नातही केली नव्हती.

नक्कल घेऊन वारसनोंदीच्या टेबलाशी गेलो, तर तिथल्या लिपिकांना वाटलं, माझा काहीतरी डाव आहे. जमीन कुणाला विकलीय का, कज्जा चालू आहे का, कर्ज बुडवायचंय का, सगळं विचारून झालं. मला नुसती बहीण आहे, हे त्यांना पटेना. शेवटी म्हणाले, “अहो, ज्यांचं नाव राहिलंय त्यांनीच अर्ज करायचा. त्यांचं आधार, त्यांची सही. तुम्ही मध्ये कोण?”

सरकारनं माझी सगळी योजना एका वाक्यात मोडली. आता तोंड उघडल्याशिवाय सुटका नव्हती.

घोटावड्यावरून माणला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. माणमध्ये पूर्वी भात लावायचे, आता भाडेकरू लावतात. आक्का जिन्यात उभी राहून वरच्या मजल्यावरच्या नांदेडच्या इंजिनिअरला पाण्याची मोटर बंद न केल्याबद्दल झापत होती. मला पाहून तिनं त्याला सोडलं आणि भाकरी टाकायला घेतली. आमटी-भात, वांग्याचं भरीत, वर ठेचा. तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत मी सगळं सांगून टाकलं, तिच्या पाठीला.

ती वळली नाही. “ठाव हाय मला,” म्हणाली.

“कधीपासून?”

“लई झालं. वरल्या पोराला गट नंबर सांगितला, त्यानं मोबाईलवर काढून दावला. सातबारा काय कुनाच्या कपाटात असतोय व्हय?”

माझा होता, कपाटात. कुलुपात, साड्यांच्या पावत्यांखाली. जगात कुणालाही दिसणारा कागद मी इतकी वर्षं लपवून ठेवला होता.

“मग बोलली का नाहीस, आक्का?”

“बोलले असते तर भाऊबीजंला आला असतास?” भाकरी माझ्या ताटात टाकत ती म्हणाली. “तरीच म्हनलं, साड्या एवढ्या भारी का याया लागल्या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पौडला गेलो. लिपिकांनी मान वर न करता सवयीनं विचारलं, “हक्कसोड का?”

“व्हय,” आक्का म्हणाली. “भावाचं नाव कमी करायला काय काय कागद लागत्यात?”

लिपिकांची मान वर आली. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आक्कानं मला पुरतं शिजू दिलं आणि मग म्हणाली, “ऱ्हाऊ द्या त्याचं. माजं चढवा.” तिनं सही केली, ठळक आणि सावकाश.

अर्ज आत गेला, एवढंच. नोटिसा निघतील, माझीच हरकत आहे का, असं सरकार मलाच विचारेल. नोटीस घरी येईल तेव्हा जुन्या मित्राचाही उलगडा करावा लागेल. नाव कमी करायला मला एक सकाळ लागली होती. चढवायला किती हिवाळे लागतील ते पौडलाच माहीत.

परतताना घोटावड्याच्या अलीकडे आक्कानं बस थांबवायला लावली. बांधावर चपला काढून ती सरळ शेतात शिरली आणि हरभऱ्याचे डहाळे उपटून ओटीत भरू लागली. मी सवयीनं बांधावर उभा होतो, ‘घे की’ म्हणायच्या तयारीत. तिनं विचारलंच नाही.

बऱ्याच वेळानं मीच विचारलं, “आक्का, मी घेऊ का?”

“वाईच घे,” ती मान वर न करता म्हणाली.