सूप डोक्यावर, तोंड घराकडे

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे शब्द खरे आहेत, वाक्यं थोडी पुढंमागं झाली असतील. आणि म्हशीबद्दल मला काही विचारू नका, तिची बाजू वेगळी असू शकते.

चहा येईपर्यंत ऐका. मी एक गाढवपणा केला, आणि तो आता आमच्या कुडपणची परंपरा आहे. मला पश्चात्ताप नाय. तेव्हा नव्हता, आत्ताही नाय. फक्त कंबर दुखते.

मी एमआयडीसीत कामाला. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट, तीनला सुटलो. महाड स्टँडजवळ पंक्चरवाल्याकडं बाईकमध्ये हवा भरायला थांबलो, तर तिथं दोन गोरी माणसं फुटपाथवर बसून वडापाव खातायत. शेजारी दोन सायकली. सायकली कसल्या, चाकांवरचा संसार! तंबू, पातेलं, वर वाळत घातलेले मोजे.

नवरा-बायको. तो टोमास, ती लिना. घर भाड्यानं देऊन चार वर्षं सायकलवर जग फिरतायत. लिनाच्या चाकाची रिम गेली होती, नवी पुण्याहून उद्या दुपारी येणार होती. म्हणून महाडला एक दिवस मुक्काम.

"नाइस सिटी," लिना म्हणाली.

मी मागं वळून बघितलं. नाय, ती महाडबद्दलच बोलत होती! महाडला सिटी म्हणणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं. तिथंच मी त्यांना घरचं मानलं.

आता माझं इंग्रजी कंपनीतल्या सेफ्टीच्या बोर्डांवरनं आलेलं. 'हेल्मेट घाला', 'धोका', 'इमर्जन्सी एक्झिट'. पण तेवढ्यात काम भागतं. मी म्हणालो, उद्या किल्ला दाखवतो. म्हणाले, बघितला. लेणी? बघितली. मासे? खाल्ले.

"असं काहीतरी दाखव," लिना म्हणाली, "जे कुठंच लिहिलेलं नाही. फक्त तुमचं."

मी डोकं खाजवलं. तेवढ्यात टोमास बायकोला हळूच म्हणाला, "नसेल त्यांच्याकडं काही. राहू दे."

राहू दे?

तुम्हीच सांगा, कुठल्या देशाचा कोण तो, चार वर्षं पॅडल मारत येतो आणि माझ्या गावात, माझ्या तोंडावर म्हणतो, यांच्याकडं काही नसेल! माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? गप्प बसला असता. म्हणून तुम्ही चहा पिताय आणि मी किस्सा सांगतोय.

मी आवाज खाली आणला. "एक रीत आहे. आमच्या कुडपणात. वर डोंगरात. पाहुणा घरातनं निघाला की घराला पाठ दाखवत नाय. धान्य पाखडायचं सूप असतं ना, ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचं, तोंड घराकडे, आणि उलट्या पावलांनी थेट वेशीपर्यंत. दर दहा पावलांनी ओरडायचं, 'पोट भरलं हो!'"

लिनानं वही काढली. टोमासनं वडापाव खाली ठेवला. मला म्हणाला, "सॉरी."

माझा साधा हिशेब होता. हे दोघं अख्ख्या वाडीसमोर उलटे चालणार, वाडी पोट धरून हसणार, आणि मला शिफ्टमध्ये सहा महिने पुरेल एवढा माल मिळणार. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. कारण लिहिलं, 'घरगुती'.

सकाळी मित्राची जीप घेतली. पोलादपूर मागं टाकून घाट चढलो. आईनं नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुकट केली होती. दोघं असे जेवले, असे जेवले, की आई मला आत बोलवून म्हणाली, "संद्या, यांना चार वर्षं कोणी जेवायला घातलं नाय काय रे?"

जेवण झालं. लिनानं भिंतीवरचं सूप उतरवलं. मी पटकन जाऊन फणसाच्या झाडामागं उभा राहिलो, रुमाल तोंडात कोंबून.

दोघं अंगणात आले. लिनाच्या डोक्यावर सूप. टोमासच्या डोक्यावर दुसरं सूप, ते शेजारच्या काकूंचं. एक, दोन, तीन... उलट्या पावलांनी निघाले. दहाव्या पावलाला दोघं एकदम ओरडले, "पोट बरला होऽऽ!"

कोंबड्या पांगल्या. वाडी गप्प.

शेजारच्या ओट्यावर गणूनाना बसले होते. आमच्या वाडीतलं सगळ्यात म्हातारं माणूस. लिनानं स्टँडवर चालू ठेवलेला कॅमेरा त्यांच्याकडं वळवला आणि मला म्हणाली, "त्यांना विचार, बरोबर केलं का?"

मी झाडामागनं बाहेर आलो आणि विचारलं. नानांनी माझ्याकडं बघितलं. मग कॅमेऱ्याकडं बघितलं. टोपी सरळ केली. उठून उभे राहिले.

"चुकलं," म्हणाले.

संपलो, मला वाटलं. आता नाना माझी चामडी सोलणार.

"सूप असं नाय धरायचं. त्याचं तोंड म्होरं पायजे. आन नुसतं 'पोट भरलं' म्हनून भागत नाय. आतनं घरच्या बाईनं वरडायचं, 'खोटंऽऽ!' मग पाहुण्याला अजून एक घास."

मी नानांच्या कानाशी गेलो. "नाना, हे कधी होतं आपल्याकडं?"

"गप. तू लहान व्हतास."

"नंतर तरी मला कसं कधी दिसलं नाय?"

"तुझ्याकडं पाहुना कोन येतो रे, बघायला?"

तेवढ्यात माझी आई, सख्खी आई, दारातनं अशी ओरडली, "खोटंऽऽ!", की दरीतनं आवाज परत आला. हातात भाकरीचा तुकडा घेऊन ती लिनाच्या मागं धावत सुटली!

आता ही चूक जगात फक्त आमचीच माणसं करू शकतात. पाहुण्यासमोर 'मला ठाऊक नाय' म्हणणं आमच्यात बसत नाय. रस्ता विचारा, ठाऊक नसला तरी दाखवतील. रीत विचारा, नसली तरी दुरुस्त करून देतील.

दुपारी खाली महाडला परतलो, रिम आली होती. दोघं माझ्या गळ्यात पडले, टोमासच्या डोळ्यांत पाणी. सायकली गोव्याच्या दिशेनं गेल्या. मला वाटलं, विषय संपला.

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले. आमच्या मुंबईच्या मंडळाचे सेक्रेटरी सुरेशदादा वर्षातनं दोनदा गावाला येतात आणि दोन्ही वेळा संस्कृती वाचवून जातात. त्यांनी देवळात मीटिंग लावली आणि मोबाईल वर धरला. त्यात लिनानं नेटवर टाकलेला व्हिडिओ. लिना, सूप आणि माझी आई. खाली लाखभर लोकांनी बघितल्याचा आकडा. दादांनी मोबाईल छातीशी धरला.

"परदेशी लोकांना आपल्या रीतीची किंमत कळली, आणि आपण विसरलो! आजपासून कुडपणचा माणूस कुठंही पाहुणा गेला, तर तसाच निघेल."

मी उठलो. लपवाछपवी आपल्याला जमत नाय. "दादा, ही रीत नाय. ही मी बनवलीय. महाड स्टँडला. पंक्चरवाला साक्षीदार आहे."

जे हसले लोक! जे हसू मला त्या दिवशी अंगणात पाहिजे होतं, ते आत्ता मिळालं.

आई म्हणाली, "ह्याला साधा चहा बनवता येत नाय, दूध उतू घालवतो. हा रीत बनवनार!"

"संद्या," नाना म्हणाले, "माझा आजा उलटा चालत पोलादपुरापतुर गेलेला."

"नाना, तुमचा आजा तर लंगडा होता!"

"मंग? उगाच लंगडा झाला?"

पण मी मागं हटलो नाय. भर देवळात सांगितलं, "मेलो तरी उलटा चालणार नाय. लिहून घ्या!"

सुरेशदादांनी खरंच लिहून घेतलं. माझी सही पण घेतली.

आता खरी गोष्ट. अश्विनी. तुडील गावची. महाडात झेरॉक्सच्या दुकानात कामाला. दोन वर्षं मी गरज नसताना इतक्या झेरॉक्स काढल्यात, की माझ्या आधार कार्डाच्या प्रतींवर घर शाकारता येईल. तिचे बाबा दोनदा नाय म्हणाले होते, "डोंगरातला मुलगा नको." तिसऱ्यांदा कसेबसे भेटायला तयार झाले. त्याच आठवड्यात मुंबईचं एक स्थळ येणार होतं. अश्विनीनं बजावलं होतं, "हे बघ, बाबांसमोर एकदा तरी सरळ वाग. नायतर मी गेले मुंबईला."

तुडीलला मी, आई आणि मोठं माणूस म्हणून गणूनाना. कांदेपोहे झाले. कंपनी झाली, पगार झाला, जमीन झाली. बाबा खूश वाटत होते. आम्ही उठलो, तसे ते गालात हसून म्हणाले, "तुम्ही कुडपणचे ना? आम्ही व्हिडिओ बघितलाय. मग तसंच निघा की. आम्हाला डोळ्यांनी बघायचंय."

पण मी शब्दाचा पक्का. आणि अश्विनी म्हणालीच होती, सरळ वाग.

"काका, ती रीत खोटी आहे. मी थापा मारल्या होत्या."

बाबांचं हसू मावळलं. "म्हणजे मुलगा थापाड्या."

"नाय हो!" नाना मध्ये पडले. "रीत खरी हाय. पोरगा आत्ता थाप मारतोय."

लक्षात आलं का? कुठूनही मोजा, थापाड्या मीच!

"असलं नाय चालायचं," बाबा म्हणाले. "मुंबईचा मुलगा निदान..."

तेवढ्यात आतनं अश्विनी आली. माझ्याकडं असं बघितलं, की कंपनीत त्या नजरेला धोक्याचा बोर्ड लावतात. तिच्या हातात सूप होतं. माझ्या छातीवर ते टेकवलं आणि आत गेली.

देवळात सही करून दिलेली, माझी एवढी इज्जत, माझा स्वाभिमान. सगळं एका बाजूला आणि एक सूप दुसऱ्या बाजूला.

घेतलं डोक्यावर. सुपाचं तोंड पुढं करून धरलं, नाना बघत होते.

एक, दोन, तीन. नवी पँट, पॉलिश केलेले बूट. शेजारपाजारचे कुंपणाला लागले. दहाव्या पावलाला मी मान ताठ करून ओरडलो, "पोट भरलं होऽऽ!"

आतनं अश्विनी ओरडली, "खोटंऽऽ!"

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं, की मी चालताना पुढंच बघत राहिलो. मागं कोण बघणार? उलटं चालणाऱ्याला डोळे मागं नसतात, आणि मागं होती म्हशीच्या पाण्याची दगडी डोण. काठोकाठ भरलेली. मी त्यात बसलो. बसलो म्हणजे, कमरेपर्यंत बसलो. सूप मात्र डोक्यावरनं हललं नाय. म्हशीनं माझ्याकडं बघितलं, मग सूप चाटलं.

कोणी हसेना. सगळे अश्विनीच्या बाबांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी नानांना विचारलं, "हे... बसणं पण असतं का यात?"

नानांनी टोपी सरळ केली.

"असतं म्हंजे? पान्यात बसल्याबिगर होकार नसतो आमच्यात."

बाबांनी खाली वाकून माझ्या ओल्या हातात नारळ दिला.

लग्न ठरलं. पण त्यानंतर आमच्या वाडीतली तीन पोरं पोरगी बघायला गेली, आणि तिन्ही डोणीत बसून आली. एकाच्या सासुरवाडीत डोण नव्हती, तर सासऱ्यानं प्लास्टिकचा टब आणला. तिघं मला रस्त्यात भेटले की बोलत नायत. मी म्हणतो, नका बोलू. मी देवळात खरं सांगितलं होतं, सहीसकट.

परवा लिनाचा मेसेज आला. दोघं कुठल्यातरी बर्फाच्या देशात आहेत. लिहिलंय, 'चाळीस देश फिरलो. लोक पर्यटकांसाठी काहीबाही बनवून दाखवतात. अस्सल फक्त तुमचंच होतं.'

मी उत्तर पाठवलं, 'धन्यवाद.' दुसरं काय पाठवणार?

असो. चहा संपला, भजी संपली. पैसे तुम्ही काढा. असे बघू नका, मी दिले असते. पण हा टपरीवाला कुडपणचा आहे. ते बघा, त्यानं खुंटीवरचं सूप काढलं पण. आता दोन्ही हात डोक्यावर म्हटल्यावर खिशात कुठला घालू?

सरका जरा, मागं बाकडं आहे का सांगा. पोट भरलं होऽऽ!

"खोटंऽऽ!"

ऐकलंत ना टपरीवाल्याचं? अजून एक प्लेट. तिचेही तुम्हीच द्या.