समुद्र पहिल्या तासाला

मुंबई पाहून आलेला माणूस मुंबईचं सांगतो. आम्हाला मात्र मुंबईचं कोणी विचारत नाही, सगळे तयारीचंच विचारतात. दोन दिवसांची मुंबई आणि पाच महिन्यांची तयारी, एवढ्यात किस्से साचले नसते तरच नवल. बरं, सांगायला बसलो की चौघांच्या चार तऱ्हा. म्हणून एकदा मीच लिहून टाकतोय. ज्याला दुरुस्त्या करायच्या असतील त्याने शाळेत येऊन कराव्यात, चहा मिळेल.

आमचं हायस्कूल मोताळ्यापासून जरा आत आहे. मी तिथला क्लार्क, म्हणजे सगळ्यांचा ‘बाबू’. इंगळे मॅडम गणित शिकवतात, राऊत सर भूगोल. आणि शांतामावशी शिपाई. एकतीस वर्षं शाळेचा टोल त्यांनीच दिला. त्या मे अखेरीला रिटायर होणार होत्या आणि सगळी भानगड तिथून सुरू झाली.

*

आमच्या शाळेत रिटायर होणाऱ्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत आहे. जानेवारीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. मावशी चहाचे कप ठेवत होत्या, त्या तिथेच थांबल्या.

“बाबू, मले घड्याय नको.”

“काऊन, मावशी?”

“एकतीस वर्षं घड्यायच पाह्यलं ना मी. आता घरी बसल्यावर बी तेच पाहू का?”

“मग काय पाहिजे तुम्हाले?” इंगळे मॅडमनी विचारलं.

मावशींनी कप जरा सरळ केले, परत वाकडे केले.

“समुद्र दाखवा. तो महाराष्ट्राचा नकाशा मीच टांगते ना वर्गात. डाव्या अंगाले सारं निळंच निळं. एकडाव पाहून घ्याव म्हटलं.”

कोणी हसलं नाही. हेडमास्तरसुद्धा हसले नाहीत, आणि ते सूचनावही वाचतानाही हसतात. घड्याळाच्या वर्गणीत भर टाकून मे महिन्याच्या सुट्टीत मावशींना मुंबई दाखवायची असं ठरलं. बाकीच्यांनी वर्गणी दिली आणि उन्हाचं कारण सांगितलं. उरलो आम्ही चौघं.

*

राऊत सर भूगोलाचे, म्हणून त्यांना टूरप्रमुख केलं. सर भरती-ओहोटी अशी शिकवतात की पहिल्या बाकावरची पोरं पाय वर घेऊन बसतात!

दुसऱ्या दिवशी सरांनी मला रेकॉर्डच्या खोलीत बोलावलं. “बाबू, दार लाव.”

मला वाटलं, रजेचं काही लफडं असेल.

“मी बी नाई पाह्यला बे.”

“काय?”

“समुद्र.”

सरांचं शिक्षण बुलढाण्यात, लग्न चिखलीत, सासुरवाडी उंद्री. समुद्र मध्ये कुठे आलाच नाही. मी म्हटलं, “सर, मग बावीस वर्षं शिकवता कसं?”

“सूर्य बी शिकवतो मी. तिथं जाऊन आलो काय?”

सर माझ्या जवळ सरकले. “कोणाले सांगू नको. मावशीले तं बिलकुल नाई. तिले वाटते, मले समुद्राचं सारं ठाऊक हाय.”

मी शब्द दिला आणि पुढचे चार महिने पाळला. माझ्या स्वभावाच्या मानाने हे फार झालं.

*

राहायचं कुठे, हा पहिला प्रश्न. मोबाईलवर शोधून एक स्वस्त लॉज काढलं. मालकाने चौघांची आधार कार्डं व्हॉट्सॲपवर मागितली. मी पाठवली. दहा मिनिटांत फोन.

“साहेब, चौघांपैकी तिघांची जन्मतारीख एक जून?”

“हो.”

“तुम्ही भावंडं आहात का?”

“नाही हो. एक राऊत सर, एक मी, एक आमच्या मावशी.”

“मग एक जून कसा सगळ्यांचा? वर्ष वेगळं आणि तारीख एकच?”

मी त्याला समजावून सांगितलं. आमच्याकडे तेव्हा पोराचा जन्म कधीचा ते घरात कोणाला आठवत नसे. शाळेत नाव टाकायला नेलं की गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघत. हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं, आणि तारीख एक जून. आमच्या पिढीचं आख्खं गाव एकाच दिवशी जन्मलंय. मावशी मे अखेरीला रिटायर होतात त्या त्याच गुरुजींच्या कृपेने.

त्याला काही ते पटलं नाही. “आणि या चौथ्या बाई?”

“त्या नोव्हेंबरच्या. त्या दवाखान्यात जन्मल्या.”

“एकच कार्ड खरं दिसतंय. मला असल्या भानगडी नकोत,” म्हणून त्याने फोन ठेवला. लॉज गेलं.

सगळे हळहळलो. इंगळे मॅडम तेवढ्या शांत होत्या. म्हणाल्या, “माझं कार्ड वर ठेवाचं होतं.”

*

मग राऊत सरांना त्यांचा पुतण्या आठवला. नितीन मोताळ्याचाच, पण नोकरीमुळे बोरिवलीला राहतो. त्याची बायको सायली पुण्याची. सरांनी थेट सुनेलाच फोन लावला, तोही स्टाफरूममधून, स्पीकरवर.

“सूनबाई, आम्ही चौघं जण मुंबईले येऊन राह्यलो.”

आता आमच्याकडे याचा अर्थ ‘येतोय’ एवढाच. पुण्याच्या कानाला ते भलतंच ऐकू आलं.

“अय्या, कधी? कुठे उतरलात, काका?”

“उतरलो कुठं? अजून तं गाडीत बसलोच नाई.”

“मग राहिलात कुठे?”

“कुठं म्हंजे? तुमच्याच घरी राहून राह्यलो.”

नंतर कळलं की बिचारीने फोन ठेवून आतली खोली पाहिली, गॅलरी पाहिली, मग नवऱ्याला ऑफिसात फोन केला. “अहो, काका आपल्याच घरी राहून राहिलेत म्हणतात. मला तर कुणीच दिसत नाहीये.”

नितीन हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. त्याने तिला भाषा समजावली. संध्याकाळी तिचा आपणहून फोन आला. “काका, तुम्ही सगळे अवश्य येऊन राहा.”

सरांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे चिंतेने पाहिलं.

“येऊन राहा म्हणते. म्हंजे कायमचंच का काय?”

*

पुढे सायलीची आणि मावशींची फोनवर चांगली ओळख झाली. पोरगी गोड. म्हणाली, “मावशी, येताना काही आणू नका हं.”

“नाई वो पोरी, काई नाई. थोडीशी सांबारवडी आणून राह्यली.”

कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. ते तिला कुठून ठाऊक असणार!

“सांबार आणि वडे? अरे वा. मग मी इडल्या करून ठेवते.”

मावशींनी फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, “बाबू, मुंबईचे लोक वडीसंग इडली खातेत. आपन काई बोलाचं नाई. त्याईची पद्धत असन.”

*

इंगळे मॅडमनी सहलीचं नियोजन हाती घेतलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. ते शाळेचं वेळापत्रकच होतं. जायचा दिवस प्रवासात, दुसऱ्या दिवशी मुंबईचे आठ तास, संध्याकाळच्या गाडीने परत. बजेट कमी, म्हणून कंसात सूचना होत्या. राणीची बाग. म्युझियम (बाहेरून). उंच बिल्डिंगा (खालून). बाजार (फक्त पाहणे). मधली सुट्टी. मग आणखी बाजार. आणि सगळ्यात शेवटी, आठवा तास, समुद्र.

मावशी बोर्डापुढे बराच वेळ उभ्या होत्या.

“मॅडम, आठव्या तासाले कोणाचं ध्यान असते? मी टोल देते, मले ठाऊक हाय. पोरं दप्तर भरून बसतेत.”

“मग कोणत्या तासाले घेऊ?”

“पह्यल्या.”

मॅडमनी टूरप्रमुखांकडे पाहिलं. सरांनी जरा डोळे मिटले. “सकाळचा समुद्र बरा,” ते म्हणाले. हे त्यांनी कुठून काढलं, देव जाणे. मॅडमनी समुद्र आठव्या तासावरून खोडून पहिल्यावर लिहिला आणि बाजूला सरांची सही घेतली.

*

मलकापूरहून गाडीत बसलो, संध्याकाळी नितीनच्या घरी पोचलो. इडल्या तयार होत्या. वड्यांचा डबा उघडल्यावर सायलीने एकदा वडीकडे आणि एकदा इडलीकडे पाहिलं, पण तीही काही बोलली नाही. त्यांची पद्धत असेल, असं तिलाही वाटलं असावं. उरलेलं सगळं सकाळी सोबत बांधून घेतलं.

सकाळी आठला तीच आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेली. मावशींनी यासाठी ठेवलेलं नवं लुगडं नेसलं होतं. झाडांची रांग ओलांडली, चपला हातात घेतल्या आणि समोर पाहिलं.

समोर चिखल होता. लांबवर पसरलेला, ओला, चकाकणारा. दोन होड्या कुशीवर पडल्या होत्या. पार टोकाला एक राखाडी रेघ दिसत होती, ती पाण्याची की आभाळाची ते कळत नव्हतं. आमचं नळगंगा धरण मे महिन्यात असंच दिसतं.

“अगंबाई, ओहोटी आहे वाटतं,” सायली म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी राऊत सरांकडे पाहिलं. ज्या माणसाने बावीस वर्षं ओहोटी शिकवली, त्याने आख्ख्या तयारीत तेवढंच पाहिलं नव्हतं.

“पानी कुठं गेलं, सर?” मावशींनी विचारलं.

“मांग गेलं. चंद्र वढून घेते.”

मावशींनी वर पाहिलं. “चंद्र तं दिसून नाई राह्यला.”

“नाई दिसला तरी वढते.”

“मंग सोडते कवा?”

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “दोन-अडीच वाजतीन.”

मॅडमच्या हातात वेळापत्रक होतं. उरलेले सात तास आणि संध्याकाळची गाडी. मावशींनी त्या कागदाकडे पाहिलं, मग त्या राखाडी रेघेकडे पाहिलं आणि चपला पायात घालायला लागल्या. “राहू द्या. एवढं तं एवढं. दिसला ना थोडासा. चाला, दुसरा तास घ्या.”

मला फार वाईट वाटलं. पाच महिने आम्ही हसत होतो, आणि जिच्यासाठी एवढं केलं ती बाई चिखल पाहून परत निघाली होती.

राऊत सर वाळूवर बसले. चांगले मांडी घालून बसले. “मी हालत नाई,” म्हणाले.

मॅडमनी एकदा सरांकडे पाहिलं. मग वेळापत्रक उलटं करून वाळूवर पसरलं आणि त्यावर वड्यांचा डबा ठेवला. राणीची बाग गेली, म्युझियम बाहेरूनसुद्धा गेलं. आम्ही झाडांच्या सावलीत बसलो, इडलीसोबत सांबारवडी खाल्ली, आणि खरं सांगतो, ती वाईट लागत नाही. सायलीने मावशींकडून वडीची कृती लिहून घेतली. तिथे सांबार म्हणजे काय ते एकदाचं उघड झालं.

बाराच्या पुढे ती रेघ जाड झाली. मग खेकड्यांची बिळं भरली. मग होड्या हलल्या आणि आपोआप सरळ उभ्या राहिल्या. पाणी येताना दिसतच नव्हतं. बघावं तेव्हा ते आणखी जवळ आलेलं असायचं.

अडीचला मावशी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. समोर सगळं पाणी. हात जोडावे की काय करावं ते न कळून त्यांनी चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि बाजूला उभ्या असलेल्या राऊत सरांच्या थेट तोंडावर फुटली. सरांनी ओठ चाटले. मग असे ओरडले की चार परकी माणसं वळून पाहायला लागली.

“बाबू, खारं हाय बे! खरंच खारं हाय!”

इंगळे मॅडमनी सरांकडे रोखून पाहिलं. “सर, म्हंजे तुम्ही पहिल्यांदाच…”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होड्यांकडे पाहिलं.

“मले ठाऊक होतं,” मावशी म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही, पाण्याकडेच पाहत होत्या.

“बाबूनं सांगतलं?”

“कोणी काऊन सांगन? बावीस वर्षं तुमचा तास मी भाईर स्टुलावर बसून आयकला, सर. समुद्र पाह्यलेला मानूस एकडाव तरी म्हनते, मी गेलतो तवा असं झालं. तुमी कधी म्हनलं नाई.”

सर तसेच उभे राहिले. चष्म्यावरून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“आता म्हनजा,” मावशी म्हणाल्या.