कावळा नसलेलं पुस्तक

लेकाने नातीसाठी आणलेलं ते चित्रांचं पुस्तक मला पहिल्यापासून आवडलं नव्हतं. एक म्हातारी शेळी, एक करडू आणि एक डोंगर. पानावर जेमतेम एक ओळ. शेवटी शेळी मरते आणि ती बसायची तिथे गवत उगवतं. सहा वर्षांच्या पोरीला हे कशाला दाखवायचं? मी लेकाला चांगलंच फैलावर घेतलं होतं. आमच्या ह्यांना मात्र ते पुस्तक भारी आवडायचं. तुंगार्लीच्या घरी गॅलरीत बसून नात वाचायची आणि हे ऐकायचे.

पावसाळा सरता सरता हे गेले. दहावा गावी, सुदुंबऱ्याला, नदीकाठी झाला. पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसले होते, पण एकही खाली उतरेना. लेकाने हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही. दीर पुढे झाले. "भाऊ, काय ऱ्हायलं आसंल ते सांगा. वैनीचं समदं आमी बगू. या आता." इच्छा राहिली की शिवत नाही, असं कुणीतरी मागे पुटपुटलं. ऊन चढलं, तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला उठली.

त्या दिवसापासून नात गप्प झाली. धड जेवेना, खेळेना. मी तिला छेडलं नाही. माझंच मला आवरत नव्हतं. मग एका सकाळी ती ते पुस्तक घेऊन माझ्या मांडीत येऊन बसली आणि गवताच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "आजी, ह्यात कावळा कुठाय?"

"शेळीला कशाला हवा कावळा?"

"मग तिची काही इच्छा राहिली नव्हती?"

मी पुस्तक मिटू लागले. तीच खाली बघत म्हणाली, "आजोबांची राहिली. दवाखान्यात जायच्या दिवशी ते म्हणाले, वाचून दाखव. मी म्हणाले, कार्टून संपल्यावर."

एवढंसं पोर, आणि इतके दिवस हे पोटात घेऊन फिरत होतं. मी तिला घट्ट धरलं. ते रागावले नाहीत गं, असं शंभरदा सांगितलं. तिला पटलं नाही. पटणार कसं? काय राहिलंय म्हणून नदीकाठी आम्ही मोठ्यांनीच तर तिच्यादेखत त्यांना विचारलं होतं.

शेवटी मी उठून भात लावला. दही कालवून केळीच्या पानावर वाढला आणि गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. "वाच," म्हटलं, "मोठ्यानं."

ती वाचू लागली. मी देवापुढेही कधी गयावया केलेली नाही. पण तेव्हा मनात म्हणत होते, अहो, माझ्यावर राग असेल तर असू द्या, पण पोरीसाठी या.

निम्मं पुस्तक झालं असेल, तोच कठड्यावर कावळा उतरला. मान वाकडी करून भाताकडे बघू लागला. नातीने डोकं वर केलं, त्याला पाहिलं आणि हात पुढे केला.

"थांबा आजोबा," ती म्हणाली, "अजून संपलं नाही."

तो थांबला की नाही, मला दिसलं नाही. माझे डोळे भरून आले होते. ती मात्र गवताच्या पानापर्यंत वाचत गेली.