सबनेट म्हणजे तुमची वस्ती

सरांनी फळ्यावर दोन गोल काढले. एकात लिहिलं ‘गाव’. दुसऱ्यात माझं नाव.

कॉम्प्युटर नेटवर्किंगचा क्लास नागपुरात, सीताबर्डीला, कपड्यांच्या दुकानांच्या वर. मी नरखेड तालुक्यातून आलेली, शहराच्या कडेला, वाडी भागात भावाच्या खोलीवर राहायची. तो ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये होता. त्या दिवशी विषय सबनेटिंग. एका नेटवर्कचे तुकडे का करायचे, मास्क म्हणजे काय, कुणाच्याच डोक्यात शिरत नव्हतं. सर वैतागले. मग त्यांची नजर माझ्यावर थांबली.

“तू खेड्यातली ना? तुमची वस्ती गावात की गावाबाहेर?”

आडनाव त्यांना हजेरीवरून ठाऊक होतं.

“बाहेर,” मी म्हटलं.

“झालं! हेच सबनेटिंग.” सर खूश. “ग्रामपंचायत एक, वस्त्या दोन. तिकडचा गोंगाट इकडे येत नाही. तिकडून इकडे काही पाठवायचं तर मध्ये गेटवे. म्हणजे पाटलाचं दार. आत घ्यायचं की नाही, ते पाटील ठरवणार.”

वर्ग खदाखदा हसला.

“वाईट वाटून घेऊ नकोस. उदाहरण आहे फक्त.”

उदाहरण! माझ्या आजोबांनी नागपुरात धम्म स्वीकारला. गावी परतून देवळापुढे वाकणं सोडलं. त्यावर गावानं त्यांची संत्र्याच्या बागेतली मजुरी बंद केली. आजी उपाशी निजली. तेवढं सगळं ह्या माणसाला एसीत बसून गंमत करायला मिळालं. मागे भिंतभर सर्टिफिकेटांच्या फ्रेमा. शिकवायची वेळ आली तेव्हा मात्र त्याला गावकूसच सापडलं.

आणि सगळ्यात घाण गोष्ट ही, की मला त्याच दिवशी सबनेटिंग कळलं. मी हसले नाही. रडलेही नाही. मान खाली घालून लिहून घेतलं. त्याची शिसारी अजून येते.

खोलीवर भावाला सांगितलं. तो भाकर मोडत होता.

“जाऊ दे ना वं. शिकून घे आधी, मंग बोलजो.”

त्याचंही कुणीतरी असंच ‘उदाहरण’ केलं असणार. तो अजून ‘मंग’ची वाट पाहून राहिला होता.

मी मोबाईलवर पुन्हा पुन्हा तोच धडा पाहिला. एक नेटवर्क मधोमध कापलं. शून्य ते एकशे सत्तावीस नंबरचे पत्ते एक अर्धं, एकशे अठ्ठावीस ते दोनशे पंचावन्न दुसरं. दोन्ही सारखी. वरचं नाही, खालचं नाही. मास्क एवढंच सांगतो, की पत्त्यातला कुठवरचा भाग नेटवर्कचा आणि कुठून पुढचा मशीनचा. आणि गेटवे? तो तर इकडचं तिकडे पोचवायलाच बसवतात. अडवायचं असेल, तर तसा नियम कुणाला तरी आपल्या हातानं लिहावा लागतो. कुणाच्या तरी हातानं! हे सरांनी गाळलं होतं. त्यांच्या लेखी अडवणं म्हणजे निसर्गच.

पुढच्या तासाला फळ्यावर परत तेच गोल. परत माझं नाव. सरांना आपला विनोद फार आवडला होता.

“हां, तू सांग. तुमच्या वस्तीतला डेटा बाहेर कसा जातो?”

मी उभी राहिले. “नाही सांगत.”

“का?”

“माझं नाव पुसा आधी.”

“अगं, समजावं म्हणून...”

“मले समजलं सर. पाटील दार अडवते म्हन्ता ना? मंग तो नियम कोनं लिहिला, त्याचं नाव लिहा तिथं. माझं काहून लिहून राहिले?”

आता कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा आंबला. “माफी माग. नाहीतर चालती हो.”

मी फळ्यापाशी गेले. तळहातानं माझं नाव पुसलं. दप्तर उचललं आणि जिना उतरले. मागून कुणी आलं नाही. शेजारी बसून रोज माझा डबा खाणारी मैत्रीणही नाही. तिला नोट्स पूर्ण करायच्या होत्या.

कोर्स सुटला. घरी बोलणी खाल्ली. बाकीचं मी जुन्या, टाकून दिलेल्या राउटरवर शिकले, पडत-झडत. आज वाडीतल्या गोदामांची नेटवर्कं मी लावते. कॅमेरे एका सबनेटमध्ये, बिलिंग दुसऱ्यात. त्याला कारण असतं, आणि विचारलं तर मी ते सांगू शकते.

परवा सरांचा फोन आला. आवाजात साखर.

“बेटा, आमच्या यशस्वी विद्यार्थ्यांचा फ्लेक्स लावतोय. तुझा फोटो पाठव.”

“मी तुमची विद्यार्थिनी नाही.”

“इतकं मनाला लावून घेतलंस? किती जुनी गोष्ट ती! विसर आता.”

विसर. हे त्यांचं आवडतं दान. करणारेही हेच, विसरायला सांगणारेही हेच.

“फोटो लावला तर मी फ्लेक्सखाली उभी राहीन,” मी म्हटलं. “येनाऱ्या-जानाऱ्याले सांगीन, तुम्ही काय शिकवलं ते. तुमच्याच शब्दात.”

त्यांनी फोन कापला.

फ्लेक्स लागला की नाही, अजून कळलं नाही. पण मी नुसती धमकी दिली नव्हती. भर चौकात, भर उन्हात उभी राहीन. सरांचं नाव घेईन, वर्ग हसला तेही सांगीन. कुणी म्हणेल, जाऊ दे. मी जाऊ देणार नाही.