क्लचवरचा पाय

माझे वडील पिकअप अनवाणी चालवायचे. चपला सीटखाली सरकवायच्या आणि मगच स्टार्टर मारायचा, हा त्यांचा शिरस्ता. इंजिन कानाला नंतर कळतं, तळपायाला आधी, असं ते म्हणत. लहानपणी मला ती फुशारकी वाटायची. पुढे उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये मी डिझेल गाड्यांचं गॅरेज टाकलं. तिथे एकदा त्यांनी एका गाडीत नुसता पाय टेकवून एक इंजेक्टर नीट काम करत नाही हे ओळखलं. तेव्हापासून मी त्यांची थट्टा करणं सोडलं.

कॅम्पातलं फर्निचर बदलापूरला कात्रपच्या नव्या इमारतींत पोचवायचं, हा त्यांचा धंदा. कपाटं, दिवाण, सोफे, काय वाटेल ते. एवढं ओझं वाहूनही त्यांची क्लचप्लेट वर्षानुवर्षं टिकायची. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग. मला शिकवताना गिअर पडल्यावर डावा पाय उचलला नाही, तर गुडघ्यावर टपली बसायची. अशा माणसाच्या गाडीची प्लेट लागोपाठ दोनदा जळली, तेव्हा मी सरळ स्पेअरपार्टच्या दुकानात जाऊन थडकलो.

दुकानदार सिंधी काका आमचे जुने ओळखीचे. डुप्लिकेट माल दिलात म्हणून मी त्यांच्याशी कचाकचा भांडलो. त्यांनी जळकी प्लेट उजेडात धरून फिरवली आणि शांतपणे म्हणाले, "साईं, माल असली है. चलानेवाले से पूछो." माझ्या बापाबद्दल हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

रागारागातच गॅरेजवर येऊन उतरवलेला सगळा क्लच पुन्हा तपासला. प्रेशरप्लेटवर तापल्याचे निळे डाग होते. बेअरिंग खडखडत होतं. इंजिनची पुढची पुली पहारीने रेटली, तर आतला क्रँकचा मुख्य दांडाही पुढेमागे हलला; तो असा हलायला नको. पेडलवरचा दाब क्लचमधून थेट क्रँकला ढकलतो आणि त्याला अडवायला चंद्रकोरीसारखे पातळ बुश असतात. ते पार झिजले होते. हे काम जोराचं नव्हे, सतत टेकलेल्या पायाचं. एवढं लोखंड नुसत्या पायाच्या भाराने झिजतं, याचं मला आजही नवल वाटतं.

बाबांना विचारलं तर ते दुखावले. आपण पाय ठेवतो असं म्हणणाऱ्याचं तोंड पाहायची त्यांची इच्छा नव्हती, आणि तो मीच होतो. ते खोटं बोलणारे नव्हेत. पण बुश तर माझ्या हातात होते. दोन्ही खरं कसं, हे मला कळेना.

नवे बुश, नवा क्लच बसवून गाडी बांधली आणि फेरी मारायला त्यांच्या शेजारी बसलो. अंबरनाथ मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, गाडी चौथ्या गिअरात आली. मी रस्त्याकडे पाहतच नव्हतो. त्यांचा डावा पाय क्लचवर होता. दाबलेला नाही, फक्त विसावलेला.

"बाबा, डावा पाय कुठंय तुमचा?"

"खाली हाय," ते समोर बघत म्हणाले. "अजून कुठं असनार?"

मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पायाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या कुणाचा असावा तसे ते आपल्याच पायाकडे बघत राहिले.

बदलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर शुगर बेसुमार वाढलेली. त्यांनी एक लोखंडी चिमटा आपटून त्याची थरथर बाबांच्या अंगठ्याला लावली आणि काही जाणवतं का विचारलं. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. ज्या पायाला इंजिनची नाडी कळायची, त्याला हेही कळेना. मला रडूच आलं. टाचेला जखम होती, तीही त्यांना ठाऊक नव्हती. वेळेत आलात, पाय वाचेल, बाई म्हणाल्या. पण गाडी आता बंद. एका घरात राहून आम्हा कुणाला जे दिसलं नाही, ते त्या जळक्या प्लेटने सांगितलं होतं. तिला मी मनोमन हात जोडले.

परतताना स्टिअरिंगवर मी होतो. बाबा शेजारच्या सीटवर, हात मांडीवर. त्यांना आता काय उरलं, या विचाराने मला त्यांच्याकडे बघवेना. कधीतरी त्यांनी हात उचलला, गिअरच्या दांड्यावर तळवा अलगद टेकवला आणि डोळे मिटले. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "पाय काढ."

मी खाली पाहिलं. माझा डावा पाय क्लचवर होता.